जुना नकाशा, आजचं शिवार

प्रश्न : निफाड तालुक्यातलं आमचं शिवार किती बदललं हे पाहायला जुना इंची नकाशा उपग्रहचित्रावर बसवला. गोदावरी सरकलेली दिसते. खरं मानावं का?

उत्तर : लगेच नको. या नकाशात १ इंच म्हणजे १ मैल; कागदावर १ मिलिमीटर चुकलं की जमिनीवर ६३ मीटर चुकतं. क्यूजीआयएस या नकाशे जुळवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चारही कोपऱ्यांत पसरलेल्या ८-१० खुणा जुळवा : जुनं देऊळ, रेल्वेपूल, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. नदीचं वळण खूण म्हणून घेऊच नका. जे तपासायचं तेच आधी गृहीत धरलं जातं. नांदूरमध्यमेश्वरला तर बंधाऱ्यामागे गाळ साचून काठच बदललेत. शेतांच्या हद्दींसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या. सोबत एकत्रीकरण योजनेचं (जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडले ती योजना) पत्रकही मागा, नाहीतर जुने सर्व्हे नंबर आजच्या गटांशी जुळणार नाहीत.