शब्दचर्चा: 'तोरित्सु-दाइगाकु' म्हणजे काय आणि ते लिहायचं कसं?

प्रश्न असा आलाय: टोकियोच्या लोकलच्या नकाशात शिबुयाहून योकोहामाकडे जाणाऱ्या लाइनवर 'तोरित्सु-दाइगाकु' नावाचं छोटं स्टेशन आहे, त्याचा अर्थ काय, मराठीत कसं लिहायचं आणि तिथे खरंच विद्यापीठ आहे का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, विद्यापीठ 1991 मध्येच तिथून गेलं, आता ते पार पश्चिमेला हाचिओजीत आहे आणि त्याचं स्टेशन मिनामि-ओसावा, तेही वेगळ्याच कंपनीच्या लाइनवर. त्यामुळे नाव बघून कोणी ॲडमिशनच्या चौकशीला इथे उतरू नका.

आता शब्द. 'तो' म्हणजे टोकियो महानगराचं सरकार, 'रित्सु' म्हणजे स्थापलेलं, चालवलेलं. हे 'रित्सु' जपानीत फार कामाचं आहे, 'कोकुरित्सु' म्हणजे राष्ट्रीय, 'केनरित्सु' म्हणजे प्रांताचं. 'शिरित्सु'ची मात्र गंमत आहे, खाजगी शाळाही शिरित्सु आणि शहराने चालवलेली शाळाही शिरित्सु, लिहिताना अक्षरं वेगळी पण कानाला अगदी सेम, मग बोलताना घोळ होऊ नये म्हणून लोक मुद्दाम एकाला 'वाताकुशिरित्सु' आणि दुसऱ्याला 'इचिरित्सु' म्हणतात. 'दाइ' म्हणजे मोठं आणि 'गाकु' म्हणजे विद्या, म्हणजे शब्दशः केलं तर 'महाविद्यालय' होतं, पण तसं करू नका, आपल्याकडे महाविद्यालय म्हणजे कॉलेज आणि दाइगाकु म्हणजे युनिव्हर्सिटी.

पण मला विचाराल तर या स्टेशनचा खरा मजकूर त्याच्या जुन्या नावांत आहे. लाइन तोक्यू कंपनीची, तोयोको तिचं नाव (तोक्योचा 'तो' आणि योकोहामाचा 'योको', बास, झालं नाव). 1927 मध्ये स्टेशन उघडलं तेव्हा पाटीवर होतं 'काकिनोकिझाका'. काकी म्हणजे ते केशरी पर्सिमॉनचं फळ, 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, 'कि' म्हणजे झाड आणि 'झाका' म्हणजे मूळचं 'साका', चढ. दुसऱ्या शब्दाला चिकटला की 'स'चा 'झ' होतो, जपानीत हे सर्रास चालतं. काकी आणि आपली टेंभुर्णी एकाच कुळातल्या, तेव्हा हे नाव साधारण 'टेंभुर्णीचा चढ' असं झालं, सोलापूरकरांना एकदम घरचं वाटेल.

मग 1931 मध्ये नाव झालं 'फुरित्सु-कोतो-माए'. 'माए' म्हणजे समोर, 'कोतो' हे कोतो-गाक्को म्हणजे उच्च शाळेचं अर्धं रूप, आणि 'फु' म्हणजे तेव्हाचा टोकियो प्रांत. पुढच्याच वर्षी 'माए' गळलं, 'कोतो'चं 'कोको' झालं (तेही कोतो-गाक्कोचंच आखूड रूप) आणि नाव 'फुरित्सु-कोको' झालं. हे 'कोको' जरा जपून वाचायचं, आज कोको म्हणजे साधं हायस्कूल, पण युद्धाआधीची ती उच्च शाळा म्हणजे विद्यापीठात जायच्या आधीची पायरी होती, तिथे शिकणं ही मानाची गोष्ट.

1943 मध्ये टोकियो प्रांत आणि टोकियो शहर मोडून दोन्हींचं मिळून एक महानगर केलं, 'फु' संपला आणि 'तो' आला, आणि त्याच वर्षी स्टेशनची पाटीही 'फुरित्सु-कोको'ची 'तोरित्सु-कोको' झाली! एवढा मोठा राज्यकारभाराचा बदल आणि पाटीवर काय, तर एक अक्षर. त्या शाळेचं युद्धानंतर 1949 मध्ये विद्यापीठ झालं आणि 1952 पासून स्टेशन 'तोरित्सु-दाइगाकु', ते आजतागायत.

शेजारच्या 'गाकुगेई-दाइगाकु' स्टेशनचीही तीच कथा, ते विद्यापीठ तर 1964 मध्येच कोगानेईला गेलं. दोन्ही स्टेशनं मेगुरो वॉर्डात, लागून. या खाजगी रेल्वे कंपन्यांना शाळा-कॉलेजं आपल्या लाइनवर हवीच असायची, कारण सकाळी नोकरदार सगळे शिबुयाच्या दिशेने, उलट दिशेच्या गाड्या रिकाम्या, त्या भरायला विद्यार्थी. याच लाइनवर हियोशीला तर कंपनीने केइओ विद्यापीठाला जमीन फुकट दिली होती. मग विद्यापीठं निघून गेल्यावर नावं बदलायची का, असं 1999 मध्ये कंपनीने रहिवाशांना विचारलं, पण बदलायला पुरेसा पाठिंबाच मिळाला नाही. मला यात नवल वाटत नाही, दुकानांच्या पाट्या, पत्ते, भाड्याच्या जाहिराती सगळं त्या नावावर, आणि लोक तरी कुठे पूर्ण नाव घेतात, 'गाकुदाइ' आणि 'तोरित्सुदाइ' एवढंच.

कहर म्हणजे 2005 मध्ये महानगराने हे विद्यापीठ आपल्या आणखी काही संस्थांबरोबर एकत्र करून त्याचं नाव 'शुतो-दाइगाकु-तोक्यो' केलं (शुतो म्हणजे राजधानी) आणि 2020 मध्ये परत 'तोक्यो-तोरित्सु-दाइगाकु' केलं. स्टेशन दोन्ही वेळेला जागचं हललं नाही. जुन्या आवारात आता वॉर्डाचं सभागृह आहे, त्याचं नाव पर्सिमॉन हॉल, म्हणजे काकी इंग्रजीतून का होईना परत आलीच. शिवाय तिथे महानगराची एक शाळा आहे, तेव्हा 'तोरित्सु' अजूनही खोटं नाही, फक्त 'दाइगाकु' खोटं.

अर्थात स्टेशनच्या नावात अजून 'माए', म्हणजे 'समोर', असतं तर जरा अडचण झाली असती. कोमाबा-तोदाइ-माए या स्टेशनाबाहेर पडलं की तोदाइचं, म्हणजे टोकियो विद्यापीठाचं, आवार खरंच समोर आहे.

लिहायचं कसं, तर 'तोरित्सु-दाइगाकु'. यातला 'त्सु' हिंदीवाल्यांना जड जातो, आपल्याला नाही, 'चूल' मधला च म्हणा, झालं. पण 'तोरिचु' असं लिहिलं तर अर्धे लोक 'चहा'चा च काढतील, म्हणून त्सुच बरा. शेवटचा उकार जपानीत ऱ्हस्व आहे, आपल्या शुद्धलेखनाच्या सवयीने 'दाइगाकू' लिहिलंत तरी मी भांडायला येणार नाही, मात्र 'डायगाकू' नको, तिथे ड अजिबात नाही. आणि 'काकिनोकिझाका' मधला झ 'झाड'सारखा हकार काढून नाही म्हणायचा, 'जावई'चा ज जास्त जवळचा.