पंख जोडणी ते पहिले उड्डाण : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे आरव्ही-७ बांधणाऱ्यांची आहेत. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचे हे दोन आसनी, रिव्हेट मारून बांधायचे ॲल्युमिनियमचे किट. त्यामुळे उत्तरांतली मापे या विमानाची आणि नियम अमेरिकेचे आहेत. दुसरे किट असेल तर आकडे त्याच्या नकाशावरून घ्यावेत. कामाची रीत मात्र तीच राहते.

धड आणि पंख गॅरेजमध्ये तयार आहेत. हँगर भाड्याने मिळाला आहे. पंख थेट तिकडेच कायमचे बसवावेत का? स्पारचे (पंखातल्या लांब तुळईचे) बोल्ट ठोकून बसवावे लागतात असे ऐकले, ते कितपत खरे? (डेटन, ओहायो)

थेट कायमचे बसवू नका. आधी एकदा लावून पाहणे अटळ आहे, कारण मागच्या स्पारचे भोक त्या वेळीच पाडायचे असते. पंखांचा पूर्ण विस्तार २५ फूट, म्हणजे घरच्या गॅरेजमध्ये हे होणार नाही. वारा पडलेल्या दिवशी अंगणात करा किंवा हँगरमध्ये.

या चाचणीला किटमधले अस्सल बोल्ट वापरायचे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून किंचित बारीक बोल्ट आणा आणि त्यांची टोके घासून निमुळती करा. माणसे किमान तीन हवीत : एक पंखाच्या टोकाला, एक मुळाशी, एक आत टॉर्च घेऊन. मुळाशी उभ्या माणसाने भोकात बोट घालून अंदाज घ्यायचा नाही. टोकाकडचा माणूस जरा हलला तरी बोट कापले जाते.

पंख लागले की आधी मागे-पुढे झुकाव पाहा. प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेवरून दोन ओळंबे सोडा आणि खाली दोरी ताणा. चारही ओळंबे एका रेषेत आले पाहिजेत. मग दोन्ही टोकांवरच्या एकाच जागच्या रिव्हेटपासून शेपटीच्या मध्यापर्यंत टेप लावा. डावे-उजवे अंतर सारखे हवे. त्यानंतर पंखाचा बैठकीचा कोन, म्हणजे पंख धडाला ज्या कोनात बसतो तो. तो नकाशाप्रमाणे तर हवाच, पण दोन्ही बाजूंना तंतोतंत एक असणे जास्त महत्त्वाचे. एका बाजूला जरा जास्त राहिला तर ते विमान जन्मभर एका अंगाला कलत उडेल.

एवढे जुळल्यावरच मागच्या स्पारला ड्रिल लावा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड कुठल्याही बाजूने ५/८ इंचापेक्षा जवळ येता कामा नये, आणि हे धडाकडच्या व पंखाकडच्या अशा दोन्ही पट्ट्यांवर तपासायचे. पंखाकडची पट्टी आत दडलेली असते, म्हणून तिच्या कडा आधीच बाहेर रेघांनी काढून ठेवा. माप कमी भरत असेल तर ड्रिल खाली ठेवा आणि किटवाल्यांना फोटो पाठवा. कडेला भोक गेले की जोराच्या झटक्यात पत्रा तिथूनच फाटतो.

आता ठोकण्याबद्दल. मुख्य स्पारचे कायमचे बोल्ट नेमक्या मापाचे असतात, भोकात जराही खेळत नाहीत. ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, वंगणाचा पातळ हात द्या, भोके एका रेषेत आणा. मग प्लॅस्टिकच्या हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी ते जातात. जोर लावावा लागत असेल तर भोके जुळलेली नाहीत. अशा वेळी पंखाचे टोक इंचभर वर-खाली करून पाहा. बोल्ट भोकात फिरवू नका, त्याने भोकाची भिंत खरवडते. डोके धरून नट फिरवा.

कायमचे बसवण्यापूर्वी पंखाच्या मुळातून येणाऱ्या दिव्यांच्या वायरी, पिटॉटची (वेग मोजण्याची) नळी, टाकीचा व्हेंट (हवा जायची वाट) आणि इंधनाची नळी यांची टोके हाताला येतात का ते पाहून घ्या. पंख लागल्यावर तिथे जेमतेम दोन बोटे जातात.

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) वापरतो आहे, तरी तपासायला आलेल्या अनुभवी बिल्डरने निम्मे नट पुन्हा आवळायला सांगितले. आकडा तर तक्त्यातलाच होता. (ह्यूस्टन)

तक्त्यातला आकडा कोरड्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या नटासाठी असतो. नायलॉनची कडी असलेला नट बोल्टवर मोकळाच फिरवायलाही काही जोर खातो. तो जोर आधी मोजायचा आणि तक्त्यातल्या आकड्यात मिळवायचा. एएन-३ या मापाच्या बोल्टला तक्ता २० ते २५ इंच-पाउंड सांगतो. नट नुसता फिरवायला ८ लागत असतील तर रेंच २८ ते ३३ वर लावा. तुमचे बारीक नट म्हणूनच सैल राहिले असावेत. एएन-४ ला ५० ते ७०, एएन-५ ला १०० ते १४०. मोठ्या बोल्टला या फरकाने तितके बिघडत नाही, एएन-३ ला बिघडते.

रेंचच्या तोंडाला कावळ्याच्या पायासारखा जोड लावला असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. रेंचची लांबी १२ इंच आणि जोड सरळ पुढे दीड इंच असेल, तर १२५ हवे असताना रेंचवर १२५ × १२ ÷ १३.५, म्हणजे १११ लावायचे. जोड काटकोनात बसवला तर काही बदलायचे कारण नाही.

जो जोड फिरतो तिथे नायलॉनचा नट चालत नाही. तिथे खाचांचा नट आणि कॉटर पिन. इंजिनाच्या कप्प्यातल्या तापणाऱ्या जागीही नायलॉन नको, पूर्ण धातूचा नट हवा. आवळून झाल्यावर नटाबाहेर बोल्टचा किमान एक पेड (आटा) दिसला पाहिजे. तीनपेक्षा जास्त दिसत असतील तर बोल्ट लांब आहे, आणि नट पेडांच्या शेवटी अडून ‘आवळला’ असे खोटे सांगू शकतो. टॉर्क झाला की लगेच रंगाची रेघ ओढा. ‘नंतर एकदम ओढू’ म्हणणाऱ्याला कुठला नट राहिला ते कधीच कळत नाही.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) जोडून झाले. हालचाल मोकळी आहे. आणखी काय तपासायचे? (न्यू जर्सी)

दिशा. यात तरबेज माणसेही फसतात, कारण उलटे जोडलेले एलेरॉनही तितकेच मोकळे हलते. विमान चालवायची काठी मुठीत धरा आणि अंगठा सरळ वर ठेवा. काठी डावीकडे झुकवली की अंगठा डाव्या पंखाकडे वळतो, आणि त्याच बाजूचे एलेरॉन वर गेले पाहिजे. काठी मागे ओढली की एलिव्हेटर वर. ट्रिमची, म्हणजे एलिव्हेटरवरची छोटी, पट्टी मात्र एलिव्हेटरच्या उलट चालते. नाक वर करायचे तर पट्टी खाली. विजेच्या ट्रिममध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी चालते, आणि जमिनीवर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग कोनमापक घ्या. आरव्ही-७ मध्ये एलेरॉन वर २५ ते ३२ अंश, खाली १५ ते १७. एलिव्हेटर वर २५ ते ३०, खाली २० ते २५. रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) दोन्हीकडे ३० ते ३५. रडर पूर्ण वळवून एलिव्हेटर वर-खाली करा. त्यांच्यात १ १/८ इंच फट राहिली पाहिजे. आसनांवर माणसे बसवून काठी पुन्हा फिरवा. मांडीला किंवा गादीला अडत असेल तर ते आत्ताच कळलेले बरे.

रॉड-एंड बेअरिंगकडे, म्हणजे या पट्ट्या हलवणाऱ्या दांड्यांच्या टोकांच्या बेअरिंगकडे, स्वतंत्र लक्ष द्या. दांडीच्या आत पेड पुरेसे गेले आहेत का आणि जॅम नट आवळला आहे का ते पाहा. जे बेअरिंग एकाच बाजूने धरलेले आहे, त्याच्या मोकळ्या बाजूला रुंद वॉशर हवाच. बेअरिंगचा गोळा सुटून आला तरी त्या वॉशरमुळे दांडी बोल्टवरून निसटत नाही. हा वॉशर विसरलेला आम्ही अनेक हँगरमध्ये पाहिला आहे.

ब्रेकसाठी गाडीचे डॉट-३ तेल चालेल का?

नाही. विमानाच्या ब्रेकमधल्या रबरी कड्या लाल खनिज तेलासाठी असतात, त्याचा क्रमांक ५६०६. गाडीच्या तेलाने त्या फुगतात आणि मऊ पडतात. चुकून भरले असेल तर नुसते धुऊन भागत नाही, सगळ्या कड्या बदला. तेल खालून, चाकाकडून वर चढवा. हवा आपोआप वर निघून जाते.

इंधनाची चाचणी पंप चालू करून घेतली, धार जोरात आहे. एवढे पुरेसे ना? (डेटन)

‘जोरात’ हे माप नव्हे. घड्याळ आणि खुणा असलेला डबा घ्या. पंपाच्या विमानात इंजिनाच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. जिथे इंधन पंपाशिवाय नुसत्या उताराने इंजिनात येते, त्या विमानात १५० टक्के. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाची कमाल गरज ताशी १६ गॅलन धरली, तर तुम्हाला ताशी २० हवेत, म्हणजे तीन मिनिटांत एक गॅलन. नळी कार्ब्युरेटरपाशी सोडा, मधेच नाही. नाक वर उचलून ठेवा, चढतीच्या सर्वांत उभ्या कोनापेक्षा पाच अंश जास्त. टाकीत इंधन अगदी थोडे ठेवा. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या तपासा. झाकण लावूनच तपासा, म्हणजे व्हेंट बुजलेला असेल तर धार मंदावताना दिसेल.

नंतर गाळणी उघडा. पहिल्या वेळी ॲल्युमिनियमचा किस आणि सीलंटचे तुकडे निघतातच. गाळणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. नळ्यांची तोंडे ३७ अंशांत फुलवलेली हवीत. गाड्यांच्या दुकानातले अवजार ४५ अंशांचे असते. दिसायला सारखेच, पण बसते फक्त एका रेघेवर, आणि काही तासांच्या थरथरीत तिथून झिरपू लागते. या फुलवलेल्या तोंडांना पेस्ट किंवा टेप काहीही लावू नका. पेस्ट फक्त निमुळत्या पाइप-पेडांना, तीही पहिला पेड सोडून.

वजन आणि गुरुत्वमध्याचा हिशेब आकड्यांत मांडून दाखवाल का? (एडिसन, न्यू जर्सी)

विमान रंगवलेले, गाद्या बसवलेले, इंजिनात तेल भरलेले आणि हँगरची दारे बंद असावीत. वाऱ्याने पंख थोडे वजन उचलतात आणि काटा खोटे बोलतो. शेपटी उचलून विमान उड्डाणाच्या पातळीत आणा आणि तिन्ही चाकांखाली काटे ठेवा. आरव्ही-७ चा शून्यबिंदू पंखाच्या पुढच्या कडेच्या ७० इंच पुढे मानतात. गुरुत्वमध्य ७८.७ ते ८६.८२ इंचांत हवा. पंखाची रुंदी ५८ इंच आहे. पुढच्या कडेपासून तिच्या १५ ते २९ टक्क्यांमधला हा पट्टा.

समजा दोन मुख्य चाकांवर मिळून १०५८ पाउंड भरले आणि ती शून्यापासून ६८ इंचांवर आहेत. शेपटीच्या चाकावर ५६ पाउंड, २४१ इंचांवर. गुणाकार ७१,९४४ आणि १३,४९६, बेरीज ८५,४४०. एकूण वजन १११४ ने भागले की ७६.७ येते. रिकाम्या विमानाचा मध्य मर्यादेच्या पुढे आला म्हणून घाबरू नका, माणसे आणि सामान मागेच बसणार आहेत.

आता दोन माणसे ३४० पाउंड (९७.५ इंच), सामान ६० (१२७ इंच), इंधन ३० गॅलन म्हणजे १८० पाउंड (८० इंच). एकूण १६९४ पाउंड, गुणाकारांची बेरीज १,४०,६१०, मध्य ८३.०. खरा प्रश्न उतरतानाचा असतो. इंधन ३० पाउंडांवर आले की वजन १५४४ आणि मध्य ८३.३. टाक्या मध्याच्या पुढे असल्यामुळे इंधन जळते तसा मध्य मागे सरकतो. म्हणून तुमचा सर्वांत जड सहप्रवासी, सामानाची पूर्ण १०० पाउंडांची मर्यादा आणि जवळपास रिकामी टाकी, असाही एक हिशेब करून कागदावर ठेवा. आमच्या उदाहरणातली इंच-मापे तशीच उचलू नका. चाकांची स्वतःच्या विमानावर ओळंब्याने मोजा.

उड्डाणयोग्यतेच्या सरकारी तपासणीसाठी काय काय तयार ठेवू? मी अजून एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर आहे. (सॅन होजे)

आधी व्हिसाचे पाहा. अमेरिकेत स्वतःच्या नावाने विमान नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्यासाठी बिल्डरला जे रिपेअरमन प्रमाणपत्र मिळते, त्यालाही तीच अट आहे. तोवर विमान जोडत राहायला काही हरकत नाही. कामाच्या तारखांसह नोंदवही आणि फोटो मात्र नीट ठेवा. अर्ध्याहून अधिक काम हौसेखातर स्वतः केल्याचा पुरावा तोच.

कागदांत नोंदणी, अर्जाचा फॉर्म ८१३०-६, पात्रतेचे निवेदन ८१३०-१२, वजनाचा अहवाल आणि विमानाचे तीन बाजूंचे चित्र. विमानावर आगीत टिकणारी नावाची पाटी, दाराजवळ किमान दोन इंच उंचीची ‘एक्सपेरिमेंटल’ ही अक्षरे आणि आत प्रवाशांसाठी इशारा. त्या दिवशी इंजिनाचे झाकण आणि तपासणीची सगळी दारे उघडी ठेवा. तपासनीस प्रत्येक नट पाहत नाही, ती जबाबदारी बांधणाऱ्याची. प्रमाणित इंजिन आणि त्याच्या जोडीचा प्रमाणित पंखा (प्रोपेलर) असेल तर चाचणी-उड्डाणाचे २५ तास, नाहीतर ४०, आणि तेही ठरवून दिलेल्या परिसरातच.

भारतात, गच्चीवर हे जमेल का? (नाशिक)

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान इमारतीच्या गच्चीवरच बांधले. ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले होते, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने त्याची नोंदणी झाली. तेव्हा जमते. पण अमेरिकेतले वरचे फॉर्म आणि तासांचे नियम इथे लागू नाहीत. किट मागवण्याआधी डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) परवानगीची वाट लेखी समजून घ्या. आणि गच्चीवर काम सुरू करण्यापूर्वी सर्वांत मोठा तुकडा खाली कसा उतरवणार, ते दोरी-टेप घेऊन आजच मोजा.

थंडीत कॅनोपीला (आसनांवरच्या पारदर्शक छताला) भोके पाडताना चीर गेली. वाचवता येईल का? (मिशिगन)

चिरेच्या टोकाला बारीक गोल भोक पाडले तर ती सहसा पुढे सरकत नाही, पण नजरेसमोर असेल तर काच बदला. ॲक्रिलिकला भोके पाडताना खोली, काच आणि चौकट निदान २७ अंश सेल्सिअसवर हवीत. नेहमीचे ड्रिल काच ओढून घेते. प्लॅस्टिकसाठी धार दिलेले किंवा पायऱ्यांचे ड्रिल वापरा आणि भोकाची कड घासून गुळगुळीत करा, कारण चीर ओरखड्यातूनच सुरू होते. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. चार फुटांच्या कडेवर ३० अंशांच्या फरकाने जवळपास १/१६ इंच. म्हणून काचेतले भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवा, आणि स्क्रू काच दाबण्याइतका आवळू नका. पुसायला ॲसिटोन किंवा पेट्रोल नको, साबणाचे पाणी घ्या.