कंपवाताची गोळी सकाळी लागू पडते, दुपारी नाही, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, अमळनेरजवळ शेती. उजवा हात बसल्या जागी थरथरतो, चाल मंदावली आहे. एमआरआय नॉर्मल आला, तरी डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणजे कंपवात सांगून सिंडोपा सुरू केली. सकाळची गोळी छान लागू पडते, दुपारची वाया जाते. तर निदान खरं का, आणि दुपारीच काय बिघडतं?

आधी निदान. एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार नाही, असं होत नाही. यात तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. मेंदूतलं पाणी, गाठ, पक्षाघाताचे बारीक झटके असं दुसरं काही नाही ना, एवढंच पाहायला तो काढतात. पार्किन्सन ओळखला जातो तो रुग्णाला तपासून, आणि त्यात थरथरीपेक्षा मंदपणाला जास्त वजन आहे. थरथर अजिबात नसलेलेही बरेच रुग्ण असतात.

घरी एवढं बघा. हात मांडीवर सैल ठेवून त्यांना शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावा. पार्किन्सनची थरथर अशा वेळी वाढते आणि हाताने काही उचललं की बहुधा कमी होते. चहाचा कप ओठांशी नेतानाच दोन्ही हात हलत असतील, घरात आणखी कुणाला तसं असेल, तर तो बहुधा वेगळा आणि सौम्य कंप असतो. मग अंगठा आणि तर्जनी पंधरा वेळा झटपट जुळवायला सांगा. पहिल्या चार-पाच वेळा बोटं नीट उघडतात, पुढे उघडझाप लहान होत जाते आणि मध्येच अडकते, हे मंदपणाचं पक्कं लक्षण. चालताना एकच हात न हलणं, अक्षर बारीक होत जाणं, वास न येणं, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा लाथा मारणं, हेही विचारा. यातलं काही तर थरथरीच्या कित्येक वर्षं आधीपासून असतं. मात्र पहिल्याच वर्षात वारंवार पडणं सुरू झालं असेल, तर दुसऱ्या आजाराचा विचार करायला हवा.

आणखी एक, जे तपासायचं नेहमी राहून जातं: औषधांचा डबा. चक्करेसाठी महिनोन् महिने चालू असलेली सिनॅरिझिन किंवा स्टेमेटिल, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लपलेली लेव्होसल्पिराइड, ही औषधं हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र उभं करतात. ती बंद केल्यावर उतार पडायला कधी काही महिने लागतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा.

आता दुपार. गोळीतलं मुख्य औषध, लेव्होडोपा, लहान आतड्यातून रक्तात जातं ते प्रथिनांच्या घटकांच्याच वाटेने, आणि पुढे मेंदूत शिरतानाही तीच वाट. उडीद घातलेली कळण्याची भाकरी, वर वरण, आणि त्याच घासाबरोबर गोळी, म्हणजे दारात गर्दी आणि गोळी रांगेत. सकाळी उपाशीपोटी घेतलेली म्हणूनच लागू पडते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर द्या. दुधाबरोबर गोळी द्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. इथे ती मोडाच. मळमळ होत असेल तर एक केळं चालेल, त्यात प्रथिन जेमतेम ग्रॅमभर असतं, आणि खान्देशात केळ्याला काय तोटा! लोहाची गोळी असेल तर निदान दोन तास अंतर ठेवा. पण डाळ तोडू नका, माणूस वाळतो. फुणके-कढी, पनीर, उसळ संध्याकाळच्या ताटात ढकला.

मळमळीचं आणखी एक कारण पाकिटावरच असतं. सिंडोपा ११० मध्ये १०० मिलिग्रॅम लेव्होडोपाला १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतो, प्लसमध्ये २५. मळमळ आवरायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो, म्हणून ११० च्या तीन गोळ्यांत त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. सीआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी कुटून देऊ नये.

आठवडाभर वहीत लिहा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, हात-पाय कधी मोकळे झाले, कधी पुन्हा जखडले. जखडलेल्या वेळेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. ओपीडीत नंबर लागतो तेव्हा नेमके ते बरे दिसतात. वेळ पाळूनही पुढची गोळी यायच्या आत असर उतरत असेल, तर डॉक्टर गोळ्यांमधलं अंतर कमी करतात. खाजकुहिलीच्या चूर्णातही लेव्होडोपाच असतो, पण किती ते ठरलेलं नसतं. गोळीबरोबर ते परस्पर सुरू करू नका.

उंबऱ्यापाशी पाय चिकटले तर हात धरून ओढू नका, त्यानेच माणूस पडतो. थांबवा, वजन डाव्या-उजव्या पायावर झुलवायला सांगा, मग एक मोठं पाऊल. जमिनीवर पावला-पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवल्या की त्या ओलांडत चालणं जमतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. झोळ पडलेल्या खाटेवर कूस बदलता येत नाही. कडक गादी आणि हलकं पांघरूण द्या. या आजारात उठताना रक्तदाब उतरतो, मे महिन्यात आणखी, म्हणून उठताना आधी मिनिटभर काठावर बसवा, आणि गच्चीवर झोपणं बंद. सुकी भाकरी घशात अडकू लागली तर कुस्करून भिजवून द्या. जेवताना ठसका वारंवार लागत असेल तर लगेच दाखवा, अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं.

गोळी एकदम बंद करू नका. ताप आणि अंग लाकडासारखं होऊन जिवावर बेतू शकतं. कुठल्याही कारणाने ॲडमिट करावं लागलं, तर गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून नर्सकडे द्या आणि उलटीसाठी पेरिनॉर्म (मेटोक्लोप्रमाइड) नको, असं ठळक लिहा. डॉमपेरिडोन चालतं, मात्र हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारूनच.