दीर्घिका शोधायची तर दुर्बीण घ्यावी का?

नमस्कार. तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत २०२३ मध्ये ओळखलेल्या सीईईआरएस-२११२ या दंडयुक्त सर्पिल (मध्यातून ताऱ्यांचा दांडा गेलेल्या) दीर्घिकेबद्दल, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाबद्दल, वाचल्यापासून तिलाही अशा दीर्घिका शोधायच्यात. चाळीस हजारांची दुर्बीण घेऊन द्यावी का आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

दुर्बीण सध्या नको, बरा लॅपटॉप घ्या. त्या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम २.१ अब्ज वर्षांचं होतं. वाटेत त्याची तरंगलांबी चौपट झाली, म्हणून मधला ताऱ्यांचा दांडा अवरक्त प्रकाशात पाहावा लागतो. तोही मोजक्या पिक्सेलांचा. त्यामुळे नुसतं बघून चालत नाही, मोजावं लागतं. समान तेजाच्या रेषांवर केंद्रापासून बाहेर लंबवर्तुळं बसवत जायची. दांड्याच्या भागात ती चपटी होत जातात, पण त्यांच्या लांब अक्षाची दिशा बदलत नाही. दांडा संपला की चपटेपणा एकदम उतरतो आणि दिशाही बहुधा वळते. दीर्घिकेची चपटी तबकडी कडेने दिसत असेल तर ही पद्धत फसते.

हे तिला आजही करता येईल. अवकाश दुर्बिणींच्या चित्रांच्या ‘मास्ट’ या ऑनलाइन संग्रहातून एनजीसी १३०० या जवळच्या दंडयुक्त दीर्घिकेची फिट्स फाइल (खगोलीय चित्रांचा फाइल-प्रकार) मोफत उतरवा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘फोटोयुटिल्स’ या तयार संचातलं लंबवर्तुळं बसवायचं साधन चालवा. आधी आपल्या आकाशगंगेतले मध्ये आलेले तारे झाका आणि केंद्र नीट द्या, नाहीतर लंबवर्तुळं भरकटतात. महिनाभर यात रमली, तर आवड खरी समजा. नुसतं बातमीचं आकर्षण एवढे दिवस टिकत नाही.

बारावीपर्यंत गणित सोडू नका. खगोलशास्त्र ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली एनएसईए ही परीक्षा द्यावी. पुढे विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेशपरीक्षा: आयसरसाठी आयएटी, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. चांगल्या कॉलेजातली फिजिक्सची बीएस्सीही चालते, तिला कमी लेखू नका. पीएचडीला पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत. एनसीआरएच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या चित्रांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली. तिचा प्रकाश विश्व दीड अब्ज वर्षांचं असतानाचा.

पैशाचं स्पष्टच सांगतो. २०२३ च्या सुधारित दरांनुसार पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत फेलोशिप महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. त्यानंतर बहुतेकांना काही वर्षं परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करावं लागतं. कायम जागा थोड्या आहेत. मात्र प्रोग्रॅमिंग आणि सांख्यिकी पक्की असेल तर डेटा सायन्सचं दार उघडं राहतं, म्हणून ती दोन्ही बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच धरावीत.