सतरा दिवसांत पाच शहरं नकोत

या वेळचं पत्र साताऱ्याच्या एका वाचक ताईंचं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव छापत नाही, आणि पत्र थोडं लहान केलं आहे.

«ताई, माझं वय ६२. बँकेत चौतीस वर्षं काउंटरवर काढली, आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली. हे वीज मंडळातून माझ्या आधीच निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी आम्ही टूरबरोबर युरोप केला. सगळं पाहिलं, जेवणही आपलंच मिळालं. पण घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, ‘तिकडची माणसं कशी आहेत गं?’ तर मला काही सांगताच येईना. स्वित्झर्लंडमध्ये एका बाकावर एक म्हातारी बसली होती. माझ्याकडे बघून हसली, सरकून जागा करून दिली आणि कागदी पिशवीतल्या चेरी पुढे केल्या. तेवढ्यात बस सुटतेय म्हणून हाक आली आणि मी पळाले. ती पुढे केलेली पिशवी अजून डोळ्यांसमोर येते.

येत्या नोव्हेंबरात २ ते १८ तारखेपर्यंत आम्ही दोघंच, टूरशिवाय, जपानला चाललोय. टोकियो, हाकोने, क्योतो, ओसाका, हिरोशिमा असा बेत आहे. या वेळी मला तिथली माणसं भेटायला हवीत. हे म्हणतात, ‘ओळख ना पाळख, भाषा येत नाही, आपल्याशी बोलायला कोण रिकामं बसलंय?’ मुलगी म्हणते, ‘आई, परक्या देशात कुणाशीही बोलत बसू नकोस.’ माझं इंग्रजी बँकेच्या फॉर्मपुरतं. गोधड्या शिवण्यापलीकडे अंगात काही कलाही नाही. या वयात ही हौस म्हणजे वेडेपणा आहे का?»

ताई,

वेडेपणा मुळीच नाही. चौतीस वर्षं काउंटरपलीकडचा चेहरा बघत काम केलंत, तर फिरायला गेल्यावरही तुम्हाला चेहरेच आठवणार.

आधी त्या चेरीवाल्या आजींचं बोलते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी त्यांच्यावर आहेत. तुम्ही त्यांचा अपमान केलात असं मनाला लावून घेऊ नका. चाळीस माणसं बसमध्ये खोळंबलेली असताना कुणीही पळालं असतं. चूक वेळापत्रकाची होती. म्हणूनच तुमचा नोव्हेंबरचा बेत वाचून मला काळजी वाटली. टूर कंपनी सोडलीत, पण तिचं वेळापत्रक तेवढं बरोबर घेतलंत! सतरा दिवसांत पाच शहरं म्हणजे चार वेळा बॅगा भरणं, चार वेळा स्टेशन शोधणं. त्यात कुणी चेरी पुढे केल्या, तर तुम्ही पुन्हा पळणार.

दोनच शहरं ठेवा. टोकियोत नऊ रात्री, क्योतोत सात. ओसाका क्योतोहून साध्या गाडीनं अर्ध्या तासावर आहे, हिरोशिमा बुलेट ट्रेननं दोन तासांच्या आत. ती एकेका दिवसात जाऊन येता येतात. हाकोने या वेळी सोडून द्या.

आता कारण सांगते. साताऱ्यात सकाळी ‘चार भिंती’ स्मारकाकडे किंवा अजिंक्यताऱ्याच्या चढावर फिरायला जाणाऱ्यांची ओळख कशी होते ते आठवा. पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही. चार दिवस तोच चेहरा त्याच वळणावर दिसला की मान हलते, आठवड्यानं ‘काल दिसला नाहीत’ होतं. जगात सगळीकडे ओळख अशीच होते, आणि रोज नव्या शहरात उठणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

मी ६४ वर्षांची असताना भाचीकडे टोकियोला पाच आठवडे राहिले होते. ती दिवसभर ऑफिसात, मी घरात एकटी. पहिले काही दिवस मी हिरमुसून होते. तिथे रेल्वेत कुणी कुणाशी बोलत नाही, फोनवरसुद्धा नाही, आणि मला वाटायचं हे लोक माणूसघाणे आहेत. मग एका पहाटे झोप लागेना म्हणून उएनोच्या बागेत गेले. साडेसहाला कुठेसा रेडिओ सुरू झाला, पियानोची चाल वाजली आणि झाडांखाली विखुरलेली म्हातारी माणसं एकदम हात वर करून व्यायाम करू लागली. हा रेडिओ ताइसो. १९२८ सालापासून तिथल्या आकाशवाणीवर आहे. युद्धानंतर काही वर्षं बंद पडला होता, १९५१ पासून पुन्हा सुरू आहे. सकाळी साडेसहा ते सहा चाळीस, दहा मिनिटांचा कार्यक्रम. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतली मुलंही येतात आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का मारून घेतात. फी नाही, नाव नोंदवणं नाही. जाऊन उभं राहायचं.

मी मागे उभी राहिले. सगळ्यांचे हात डावीकडे, माझे उजवीकडे. माझ्या पुढे पांढरे हातमोजे घातलेल्या एक आजी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, हसल्या नाहीत. फक्त एक पाऊल बाजूला सरकल्या, म्हणजे मला त्यांचे हात नीट दिसावेत. त्या एका पावलानं मला परक्या गावात धीर दिला. दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी उभी राहिले, त्यांनी मान लववली. चौथ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून एक लहानसं संत्रं निघालं. ते सोलता सोलता त्यांनी हातमोजा काढून तळव्यावर बोटानं ७८ लिहिलं. मी माझ्या तळव्यावर ६४ लिहिलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, जणू म्हणत होत्या, अजून पोरगी आहेस. निघताना त्या रोज म्हणायच्या, ‘माता आशिता.’ म्हणजे उद्या भेटू. मी तोडक्या उच्चारात तेच म्हणायचे. शेवटच्या दिवशी त्या तसं म्हणाल्या आणि मला मान हलवावी लागली, हातानं विमान उडवून दाखवावं लागलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आमच्यात पुरतं एक वाक्य कधी झालं नव्हतं.

तुमचे हे म्हणतात, आपल्याशी बोलायला कोण रिकामं बसलंय. त्यांना सांगा, जपानमध्ये दर दहा माणसांतली जवळपास तीन पासष्टीच्या वरची आहेत. तिथे सकाळी बागेत, दुपारी बाकावर आपल्याच वयाची माणसं बसलेली असतात आणि त्यांतल्या कित्येकांना बोलायला कुणी हवंच असतं.

राहायला मोठ्या स्टेशनाजवळचं हॉटेल घेऊ नका. उएनोच्या मागे यानाका आणि नेझू या जुन्या वस्त्या आहेत. बुटकी घरं, देवळं, दारापुढे कुंड्या, चालत गेलं की बाग. तिथे लहानशी खोली बघा. रोज त्याच दुकानातून फळं घ्या, त्याच ठिकाणी चहा प्या. बागेतल्या शिनोबाझू तळ्यात बेंझाइतेनचं देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, तिच्याही हातात तंतुवाद्य असतं. तिथे कुणी भेटलं तर ‘इंदो कारा किमाशिता’ म्हणा, मी भारतातून आले. एवढ्यावर पुढची दहा मिनिटं निघतात.

आणि सुगामोला जाच. ज्येष्ठांची म्हणूनच ओळखली जाणारी बाजारपेठ आहे ती. तिथल्या देवाला तोगेनुकी जिझो म्हणतात, म्हणजे काटा काढणारा जिझो. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला रस्त्यावर जत्रा भरते, आणि ४ व १४ या दोन्ही तारखा तुमच्या मुक्कामात येतात. देवळाच्या आवारात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, लहानशी मूर्ती आहे. लोक रांग लावून तिच्यावर पाणी घालतात आणि आपलं जे दुखतं तोच तिचा अवयव ओल्या फडक्यानं पुसतात. मी नुसती बघत उभी होते. पुढच्या बाईंनी मला रस्ताभर लंगडताना पाहिलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट केलं, मग मूर्तीच्या गुडघ्याकडे. १४ ला टोकियोत नसाल तर ४ तारीख तरी चुकवू नका. जाताना मोबाईलमध्ये अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो असू द्या. तोही अवलोकितेश्वरच. ‘हा आमच्याकडचा’ म्हणून दाखवा.

आता तुमची कला. ‘गोधड्या शिवण्यापलीकडे काही नाही’ हे वाक्य वाचून मला हसूही आलं आणि रागही आला. अहो, जपानमध्ये साशिको म्हणून शिवणकाम आहे, तो आपला धावदोराच. फाटक्या कपड्याला ठिगळं लावून, थरावर थर शिवून ते टिकवायचे. तशा जुन्या ठिगळांच्या कापडाला बोरो म्हणतात, आणि आज ते संग्रहालयात मांडलेलं दिसतं. शेतकरी आणि कोळी बायकांच्या काटकसरीतून आलेली कला, तंतोतंत आपल्या गोधडीसारखी. जाताना जुन्या लुगड्याच्या तुकड्यांचे वीतभर चौकोन कापून न्या. दुपारी बागेतल्या बाकावर बसून टाके घाला. हातात काम असलेल्या बाईशी बोलणं सोपं जातं, कारण काय बोलायचं हा प्रश्न तिच्या मांडीवरच सुटलेला असतो. टाके ओळखणारी एखादी आजी थांबेलच असं वचन मी देत नाही, पण थांबली तर तो चौकोन पुरा करून तिलाच द्या.

भेट देताना दोन्ही हातांनी द्या, कागदात गुंडाळलेली असू द्या. त्यांनी समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. आपणही आहेराचं पाकीट लगेच फोडत नाही. शेंगदाण्याची चिक्की वेगवेगळ्या लहान पुड्यांत नेलीत तर वाटायला बरी. ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. टीप मात्र कुणाला देऊ नका, तिथे ती पद्धत नाही.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरता, ते उलट तुमच्या कामी येईल. त्यांचंही इंग्रजी अडखळतं, आणि फर्डं बोलणारा समोर आला की ते मिटून जातात. दोघंही अडखळणारे असले की मजेत चालतं. मोबाईलवर भाषांतर करताना मराठीत बोला, पण वाक्य छोटं असू द्या आणि म्हणी वापरू नका. पगार किती, मुलाचं लग्न का झालं नाही, हे आपले प्रेमाचे प्रश्न तिथे आगाऊपणाचे वाटतात. झाडांबद्दल विचारा, खाण्याबद्दल विचारा.

खाण्यावरून आठवलं. तुम्ही शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण बहुतेक रश्श्यांत दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असतो आणि तो बहुधा माशाचा. ‘मांस, मासे आणि माशाचा दाशी खात नाही’ असं जपानीत लिहून घेतलेलं कार्ड पर्समध्ये ठेवा. कुणी प्रेमानं वाढल्यावर ताट परत सारायची वेळ आली, तर तो संकोच दोघांनाही सोसवत नाही.

ठरवून भेट घडवायची असेल तर दोन वाटा आहेत. तिथे बऱ्याच शहरांत स्वयंसेवक वाटाड्यांचे गट असतात, गुडविल गाइड म्हणतात त्यांना. पुष्कळसे निवृत्त लोकच. ते मोबदला घेत नाहीत. त्यांचा प्रवासखर्च, तिकिटं आणि बरोबर जेवलात तर जेवण आपण करायचं. दोन आठवडे आधी कळवावं लागतं. क्योतोत एक दिवस असा ठेवा, आणि त्यांना सांगा की देवळं कमी दाखवा, तुमच्या नेहमीच्या बाजारात न्या. दुसरी वाट म्हणजे सर्वास ही संस्था. १९४९ साली डेन्मार्कमध्ये, युद्धानंतर, माणसं एकमेकांच्या घरी राहिली तर देश भांडणार नाहीत अशा विचारातून ती सुरू झाली. सभासद होण्याआधी मुलाखत होते, ओळखपत्र मिळतं, आणि यजमान साधारण दोन रात्री पैसे न घेता ठेवून घेतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा या महिन्यातच सुरुवात करा. मुलीची काळजीही यानं निम्मी होईल. तिला रोज रात्री कुठे, कुणाला भेटलात ते कळवा, आणि पहिली भेट नेहमी उघड्यावर, चार माणसांत घ्या. ‘चला चला’ म्हणून घाई करणाऱ्याबरोबर जाऊ नका. बस, एवढं पुरे.

घरी बोलावणं आलं नाही तर मात्र मनाला लावून घेऊ नका. घरं लहान असतात, आणि तिथले लोक जवळच्या मित्रालाही सहसा बाहेरच भेटतात. आलंच, तर दारातल्या खोलगट भागात चपला काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवा, आणि संडासातल्या सपाता बाहेर घालून येऊ नका. माझ्याकडून ते झालं होतं. कुणी काही बोललं नाही, पण मला अजून चुटपुट लागते.

राहिले तुमचे हे. ‘कोण रिकामं बसलंय’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच भीती असते, की आपण पुढे होऊ आणि समोरचा तोंड फिरवेल. आयुष्यभर खुर्चीमुळे लोक आपणहून आले, आता खुर्ची नाही. म्हणून त्यांना ओढू नका, की टोमणाही मारू नका. पहाटे बागेत बरोबर न्या आणि बाकावर बसू द्या. रेडिओ ताइसोला बोलावं लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उठतील. नाहीच उठले, तर तुम्ही व्यायाम करताना तुमची पर्स सांभाळतील, तेही चालेल.

एक छोटी वही घ्या. जो भेटेल त्याला आपलं नाव त्याच्या लिपीत लिहायला सांगा, खाली तुम्ही देवनागरीत उच्चार लिहा. जाऊबाईंना दाखवायला होईल.

आणि शिवणाची सुई-कात्री हातातल्या पर्समध्ये ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका. विमानतळावर काढून घेतली, तर तिथे गेल्या गेल्या सुईचं दुकान शोधत फिरावं लागेल. तसं त्या निमित्तानं पहिली ओळख दुकानदारीणबाईंशीच होईल म्हणा.

तुमची,
ताई