वाचकांचे प्रश्न : जुन्या पोस्टकार्डांची पिटुकली वही

प्रश्न : ताई, आजीच्या पेटीत पोस्टकार्डांचा एक गठ्ठा सापडलाय. काही कोरी चित्रांची, काहींवर आजोबांचं बारीक अक्षर, शाईनं लिहिलेलं. कार्डाचं कव्हर करून छोटी जर्नल बनवायची आहे पण कात्री लावायला हात धजावत नाही. काय करू?

उत्तर : हात धजावत नाही हे बरंच आहे, थोडे दिवस तसंच राहू दे. आधी गठ्ठ्याचे तीन भाग कर. कोरी, छापील चित्रांची कार्डं बिनधास्त वापर. लिहिलेल्या कार्डांचं दोन्ही बाजूंनी चांगलं स्कॅन कर, निदान ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), आणि वहीसाठी त्याची प्रिंट वापर, मूळ कार्ड परत पेटीत. तिसरा भाग म्हणजे खूप जुनी कार्डं. ती ओळखायची एक सोपी खूण आहे. पहिलं अधिकृत पोस्टकार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कार्डाच्या मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, त्यामुळे चित्र असलं तर मजकूर चित्राच्या कडेकडेनं कोंबलेला दिसतो. मधे रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ला आली, अमेरिकेत १९०७ला. तेव्हा चित्राचं कार्ड आहे आणि मागे मधली रेघच नाही, असं दिसलं तर ते बहुतेक शंभरी ओलांडलेलं आहे, त्याला कात्री लावायची नाही. तिकीट आणि शिक्का असलेला कोपरा तर अजिबात कापू नकोस, संग्राहकांना तिकीट सुटं नको असतं, शिक्क्यासकट अख्खं कार्ड हवं असतं.

माझा नियम एकच आहे. वही झाल्यावरही कार्ड उलटून मागचा मजकूर वाचता आला पाहिजे. म्हणून मी कार्ड चिकटवत नाही, शिवते. टाके कापले की कार्ड मोकळं, तीन बारीक भोकं आणि एक घडी एवढंच काय ते नुकसान. गोंदानं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कार्ड मात्र गेलं ते गेलंच.

प्रश्न : कार्ड मधोमध दुमडलं की घडीवर रंग उडतो आणि पांढरी चीर दिसते. दोन कार्डं वाया गेली.

उत्तर : कागदाला धागा असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेनं पडलेले असतात. कार्ड हातात घेऊन आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकंच वाकवून बघा, पूर्ण दुमडायचं नाही हं. जिकडून सहज वाकतं तिकडची घडी नीट बसते, जिकडून अडतं तिकडे चीर पडते. अडणाऱ्या बाजूनंच दुमडायचं असेल तर आधी खाच पाडा. स्टीलची पट्टी ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेननं दोन-तीनदा हलक्या हातानं रेघ ओढा, कापायचं नाही, फक्त दाबायचं. आता गंमत अशी की बहुतेकजण खाचेच्या आत दुमडतात, मला विचाराल तर ते उलटं आहे. खाच चित्राच्या बाजूनं पाडा आणि मागच्या बाजूला जी उंचवट्याची रेघ उठते ती घडीच्या आत जाऊ द्या, म्हणजे बाहेरच्या थरावर ताण कमी येतो. चित्र नाजूक असेल तर वर पातळ बटर पेपर ठेवून दाबा.

आणि आधी भिंगातून चित्र बघा. बारीक बारीक ठिपके दिसले तर ते छापील आहे. ठिपके नाहीत, सगळं सलग सायीसारखं गुळगुळीत, तर तो बहुतेक खरा फोटो आहे, त्याच्या वरच्या थराला घडी सोसतच नाही. असं कार्ड दुमडू नका, आतल्या पानावर कोपऱ्यांचे खिसे करून त्यात सरकवा.

प्रश्न : आतली पानं किती आणि कशी कापायची? शिवण येत नाही, स्टेपलर चालेल का?

उत्तर : स्टेपलर चालतो पण पिन गंजते आणि जुन्या कार्डावर तांबडा डाग पडतो, म्हणून मी नाही म्हणेन. शिवण तुम्हाला वाटते त्याच्यापेक्षा सोपी आहे, खरंच.

१० बाय १५ सेंटीमीटरचं कार्ड आडवं धरून मधे दुमडलं की साडेसात बाय दहाची वही होते. ए-४ कागदाचे चार समान तुकडे करा, प्रत्येक साधारण १४.८ बाय १०.५चा होतो, तो १४.५ बाय ९.७ करून घ्या म्हणजे कव्हराबाहेर डोकावणार नाही. ८० ते १०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) दोन ए-४ घेतले तर आठ तुकडे, दुमडून एकात एक घातले की दोन्ही बाजू धरून ३२ पानं, पिटुकल्या वहीला भरपूर. एकात एक घातल्यावर आतली पानं पुढच्या कडेला थोडी बाहेर येतात, ती शिवून झाल्यावर पट्टी लावून धारदार कटरनं एकदम छाटा. जुनी कार्डं बरेचदा ९ बाय १४ असतात, तेव्हा आधी मोजा मग कापा.

आता शिवण. जाड पुस्तक उघडून मधल्या खाचेत कव्हरासकट ही जुडी ठेवा आणि घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, एक बरोब्बर मधे, दोन टोकांपासून दीड-दीड सेंटीमीटर आत. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या, मेणावरून एकदा फिरवा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, आत सात-आठ सेंटीमीटर शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकात आत, आतून मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, मग बाहेरून मधल्या भोकात परत आत. आता आत एक लांब टाका आहे, त्याच्या एका बाजूला शेपूट आणि दुसऱ्या बाजूला सुईचं टोक असलं पाहिजे, मग दोन्हींची लांब टाक्यावरून गाठ मारा. दोन्ही एकाच बाजूला आली तर गाठीत लांब टाका सापडत नाही आणि शिवण ढिली राहते. दोरा ओढताना घडीला समांतर ओढा, आपल्याकडे सरळ ओढला की भोक टरकतं. सगळं बिघडतं ते इथेच.

प्रश्न : टिकावं म्हणून कार्ड लॅमिनेट करू का?

उत्तर : नाही. गरम प्लॅस्टिक परत निघत नाही. पारदर्शक कागदाचं सुटं जॅकेट घाला, मळलं की बदलता येतं.

प्रश्न : स्कॅनची प्रिंट लेझरवर काढू की इंकजेटवर?

उत्तर : कव्हर दुमडणार असाल तर इंकजेट. लेझरचा टोनर कागदावर थर होऊन बसतो आणि घडीवर सुटतो. फक्त इंकजेटच्या प्रिंटला ओला हात लावू नका, आणि पूर्ण सुकल्याशिवाय शिवायला घेऊ नका.