भारतातही स्वित्झर्लंडसारखं बंधनकारक सार्वमत का नको?

प्रश्नात म्हटलंय की मोठ्या धोरणांवर जनतेनंच थेट मत द्यावं आणि सरकारनं ते मानलंच पाहिजे. मी असं मत दिलेलं आहे म्हणून लिहिते. आपण आयुष्यभर माणसांना मतं देतो, मुद्द्याला मत द्यायची वेळ फार थोड्यांवर येते, गोव्यावर 1967 मध्ये आली होती, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही म्हणून, आणि आमच्या गावच्या बायांवर आली देशी दारूच्या दुकानापायी.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. आडवी बाटली उभी बाटली माहीत असेलच, चिठ्ठीवर दोन चित्रं, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. नियम कडक, पडलेल्या मतांचं अर्धं चालत नाही, यादीत जेवढ्या बाया तेवढ्यांपैकी अर्ध्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं तरच दुकान बंद, म्हणजे जी घरी राहिली तिचं मत दुकानदाराच्याच पदरात. आणि मतदान लागलं ऐन कापूस वेचणीत. मजुरी किलोवर, दिवस बुडाला की पैसे बुडाले. आम्ही सहाजणी पहाटेपासून धुऱ्याधुऱ्यानं फिरलो, एकेकीला वावरातून आणलं, माहेरी गेलेल्यांना फोन केले, एक बाळंतीण तर ऑटोत बसवून आणली. जिंकलो. मी त्या दिवशी रडले, आजही सांगताना गळा भरून येतो.

मग दोन महिन्यांत शेजारच्या गावातून मोटरसायकलवर पव्वे यायला लागले, दुप्पट भावात. नाल्याकडं मोहाची भट्टी लागली. ज्यांचं शरीर दारूवरच चालत होतं ते हातपाय कापत पडून राहायचे, त्यांना दवाखान्यात न्यायचं कोणी आणि पैसे कोणाचे? हे घेऊन मी ग्रामसभेत उभी राहिले तर माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, सगळ्यांसमोर म्हणाले, "बाटली आडवी कराची होती तं केली ना. तुमचंच मत होतं. आता कायचं गाऱ्हाणं?" बस. विषय तिथंच मिटला, कोणी लिहूनसुद्धा घेतला नाही.

बंधनकारक मताचं दुखणं हेच. चिठ्ठीवर चित्रं दोनच असतात आणि खरे प्रश्न सगळे दुसऱ्या दिवशी सुरू होतात, पण तोवर "जनतेनं ठरवलं" म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करायची सोय झालेली असते. ब्रिटनमध्ये 23 जून 2016 ला हेच झालं. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की निघायचं एवढंच विचारलं, 51.9 टक्के म्हणाले निघायचं. कसं निघायचं, व्यापाराचं काय, आयर्लंडच्या सरहद्दीचं काय, हे चिठ्ठीवर नव्हतंच, त्यामुळं प्रत्यक्ष बाहेर पडायला 31 जानेवारी 2020 उजाडलं आणि तोवर पंतप्रधान बदलत राहिले. कायद्यानं ते मत सल्ल्यापुरतंच होतं, पण सरकारनं पाळू म्हणून शब्द दिलेला, मग बंधनकारकच झालं की. आणि आमच्या बाटलीच्या नियमानं मोजलं असतं तर ते पडलं असतं, कारण पूर्ण मतदार यादीच्या हिशेबात ती मतं साधारण 37 टक्केच भरतात. देशाच्या पुढच्या पिढ्यांचा निर्णय सैल नियमानं आणि एका दारूच्या दुकानाचा कडक नियमानं, हे मला अजून पटत नाही.

स्वित्झर्लंडचं कौतुक करणाऱ्यांना एकच विचारते, 1959 मध्ये तिथल्या पुरुषांनी मतदान करूनच बायांना मताचा हक्क नाकारला, तो मिळाला 1971 मध्ये. ज्या बाईबद्दल ठरवायचं तिलाच चिठ्ठी नाही. दुसऱ्याचा हक्क बहुमतानं ठरवायचा नसतो, इथं मी ऐकून घेणार नाही.

त्यापेक्षा गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा. तिथं मत घेऊन पाडापाडी करत नाहीत, आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात आणि मग सर्वसहमती होईस्तोवर बोलतात. वेळ लागतो, लागू दे. माझ्या भासऱ्यांना मी इतक्या वर्षांपासून, पोळ्याला घरी आले की, हेच सांगते की मत दिलं म्हणजे बोलणं संपलं असं नाही, आणि ते दरवेळी चहाचा कप ठेवून उठतात.

एक सांगायचं राहिलं. मत नकोच असं मी म्हणत नाहीये. मतदान नसतं तर ते दुकान कोणत्याच पुढाऱ्यानं बंद केलं नसतं, आणि लोकांना कळत नाही म्हणून विचारू नका असं म्हणणाऱ्यांच्या तर मी पूर्ण विरोधात आहे, वेचणीच्या बाईला दारूबद्दल जेवढं कळतं तेवढं कोणत्या साहेबाला कळतं? एक गाव, एक दुकान, ज्यांनी मत दिलं त्याच बाया परिणाम भोगणार, तिथं मत बरोबरच. पण करार, कर, पाण्याचं वाटप असल्या गोष्टी हो-नाहीत मावत नाहीत. स्वित्झर्लंडमध्येही मतदानाआधी घरोघरी माहितीचं पुस्तक जातं, हेही खरं.

आमच्याकडं 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा आहे. नाल्यावरची भट्टी आणि व्यसनमुक्तीचा खर्च, हे दोन विषय लेखी दिलेत, पोच घेऊन ठेवली आहे.